दादांचा डावा घोटा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो दादांच्या पायांच्या आवाजानं. दादा म्हणजे माझे वडील. उजवा पाय फरशीवर नीट पडायचा आणि डावा थोडा घासत मागून यायचा. मग आडावर बादली आपटायची, अंगावर गार पाणी ओतल्याचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडच्या देवळात घंटा वाजायची. परभणी जिल्ह्यात, चारठाण्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ, आणि त्याच्या मागच्या भिंतीला टेकून आमचं घर. आम्ही गुरव. पूजा आमच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. घरात कायम ओल्या बेलाचा आणि कापराचा वास. माय चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापायची, तिच्या बाजूला पळसाच्या पानांचा ढीग असायचा, आणि भाकरी तव्यावर फुगेपर्यंत तिची बोटं एखादी पत्रावळ टाचून मोकळी व्हायची. दादा देवळातून परत आले की ओसरीवर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायचे. डावा पाय ते धोतराच्या सोग्याखाली झाकून घेत. तो पाय असा झाकलेलाच मी लहानपणापासून पाहिला.

घोट्याच्या आतल्या बाजूला ती जखम होती. भोवतालची कातडी काळी पडून लाकडासारखी घट्ट झालेली, आणि मधे चपटा, ओलसर खड्डा. कधी तो रुपयाएवढा असे, कधी तळहाताएवढा. दुखायचं कमी, पाझरायचं फार. दादा रोज त्यावर देवाचा अंगारा दाबायचे आणि जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायचे. अंगाऱ्याची पाझरलेल्या पाण्याबरोबर खपली व्हायची, दुसऱ्या दिवशी चिंधी ओढली की खपली निघायची, खाली रक्त यायचं आणि पुन्हा त्यावर अंगारा. वास येऊ नये म्हणून ते गाभाऱ्यात कापूर जरा जास्तच जाळायचे. घराबाहेर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. पू वाहणाऱ्या पायानं पुजारी आत जातो हे गावाला कळलं असतं तर पूजा राहिली नसती. आणि गंमत अशी की अख्खा परिसर जखमेसाठी दादांकडंच यायचा. कुणाला कोयता लागलेला, कुणाला बैलानं तुडवलेलं, कुणाची टाच भेगाळून पिकलेली. दादा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर अंगारा बांधून द्यायचे. माणसं पाया पडून जायची. ती वाकायची त्याच पायावर.

बारावीनंतर मी परभणीला नर्सिंगला गेले. शिरा शिकवल्या त्या दिवशी वर्गात मी हादरलेच. मॅडमनी फळ्यावर पाय काढला आणि सांगितलं, पायातलं रक्त वर चढायचं असतं, ते खाली घसरू नये म्हणून शिरांमधे बारीक झडपा असतात. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहणाऱ्याच्या झडपा सैल होतात, रक्त घोट्याशी तुंबतं, कातडी काळी पडते, खाज सुटते आणि मग साध्या खरचटण्याची जखम होऊन ती भरतच नाही. हातगाडीवाले, न्हावी, शिक्षक, पोलीस, अशी नावं त्या घेत होत्या. मी वहीत काहीच लिहिलं नाही. मला आमच्या गाभाऱ्याची ओली फरशी दिसत होती. त्या शनिवारी जिंतूरच्या एसटीत बसताना मला वाटत होतं की माझ्या पिशवीत दादांचा बरा झालेला पाय आहे. फक्त घरी जाऊन सांगायचा अवकाश. आज इतकी वर्षं मी हेच काम करते, रोज कुणाच्या ना कुणाच्या जखमेसमोर बसते, तरी ‘फक्त सांगायचा अवकाश’ असं एखादी नवी मुलगी म्हणाली की मला अजून राग येतो. तिचा नाही, त्या एसटीत बसलेल्या मुलीचा.

पहिला खटका पाण्यावरून उडाला. मी पाणी उकळून गार केलं, चिंधी ओढायची नाही, भिजवून सोडवायची, म्हणून त्यांच्या पायावर सोडायला लागले. दादांनी पाय मागं घेतला.

“जखमंला पाणी लावती? पाण्यानं चिघळती ती.”

“दादा, रोज सकाळी तुमी घोटाभर पाण्यात उभे ऱ्हाता की!”

“ते देवाचं पाणी हाय.”

“आन्‌ हे कुणाचं हाय?”

मायनं चुलीपुढून माझ्याकडं असं पाहिलं की मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दुसरा खटका डाळीवरून. जखम असली की डाळ खायची नाही, पू होतो, हे आमच्याकडं पक्कं. वांगं बंद, दही बंद, डाळ बंद. दादा कित्येक वर्षं नुसत्या चटणीशी भाकर खात होते. जखम भरायला अंगात काहीतरी पाहिजे, नवी कातडी हवेतून येत नाही, डाळ खा, दूध घ्या, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. माय म्हणाली, “तुझ्या मॅडमला म्हणावं, आमच्या घरी ये आन्‌ पू झाला तर तूच पूस.” तिसरी गोष्ट अंगाऱ्याची. ती मी त्या वेळी काढलीच नाही. तेवढी अक्कल मला होती.

कसंबसं समजावून मी त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाच्या नाड्या तपासल्या, साखर तपासली, दोन्ही ठीक निघालं. मग ते कागदावर लिहिता लिहिताच बोलले, “शिरांचा आजार आहे. फार उभं राहू नका. पट्टी बांधा, पाय वर ठेवून झोपा.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दादा बाहेर येऊन मला म्हणाले, “उभं ऱ्हाऊ नका म्हणला. मग पूजा काय बसून करू का झोपून?” मी ताणाची, रबरासारखी ओढली जाणारी पट्टी घेतली, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत कशी बांधायची, खाली घट्ट आणि वर जरा सैल, ते दादांना आणि मायला दोनदोनदा करून दाखवलं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी बांधायची, हेही सांगितलं. पुढच्या खेपेला घरी आले तर ती पट्टी पळसाच्या पानांच्या भाऱ्याला आवळलेली. “लय मजबूत हाय बघ,” माय कौतुकानं म्हणाली. मी पिशवी ओसरीवर टाकली आणि आडावर जाऊन रडले. दुःखानं नाही, चिडून.

कॉलेजात परत गेल्यावर मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “तू त्यांना एवढं सांगितलंस. त्यांना काय वाटतं ते विचारलंस का? जखम कशानं झाली असं त्यांचं म्हणणं आहे?” मी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, मला माहीतच होतं की!

सुटीत घरी गेले तेव्हा दुपारी दादा ओसरीवर बेल निवडत बसले होते. तीन पानं शाबूत असलेला बेल दुरडीत, फाटका बाजूला. मीही निवडायला बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादा, पायाचं हे कशानं झालं असं वाटतं तुमाला?”

त्यांनी हातातलं फाटकं पान बाजूला टाकलं. मग आतल्या दाराकडं एकदा पाहिलं, माय जवळ नाही याची खात्री केली, आणि हलक्या आवाजात सांगायला लागले. माझे आजोबा वारले त्या पहाटे घरात सुतक लागलं. भाऊबंदांनाही लागलं. पूजेला परगावचा पुजारी बोलवायचा म्हणून माणूस धाडलेला, पण दिवस वर आला तरी पुजारी पोहोचला नाही. देव कोरडा राहिला. अंगणात आजोबांना न्हाऊ घालायची तयारी चाललेली, आणि दादा, तेव्हा लग्नही न झालेले, मागच्या बाजूनं गाभाऱ्यात शिरले आणि तांब्याभर पाणी पिंडीवर घालून आले. सुतकात. कुणी पाहिलं नाही.

“त्याच साली घोट्याला काळा डाग उठला,” दादा म्हणाले. “मला तवाच कळलं. हे फेडायचं हाय. फेडायचं ते पट्टीनं झाकून काय व्हतंय?”

आता मला समजलं की ती जखम त्यांना रोग वाटतच नव्हती. मला वाटलं, आता यांना खरं कारण सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. मी अगदी मायेनं म्हणाले, “दादा, तसं न्हाई ओ. तुमचं काहीच चुकलं न्हाई. लहानपणापासून ओल्या फरशीवर तासंतास उभे ऱ्हायलात, त्यानं शिरा खराब झाल्या. एवढंच हाय ते.”

त्यांचा हात बेलावर थांबला. “म्हणजे पाप केलं म्हणून न्हाई. सेवा केली म्हणून झालं म्हणतीस?”

“व्हय.”

“पापाचं फळ असतं, ते भोगावं. सेवेचं असलं फळ कुठला देव देतो?” एवढं बोलून त्यांनी दुरडी उचलली आणि ते देवळाकडं गेले. पाय घासत गेल्याचा आवाज भिंतीपलीकडं पोहोचेपर्यंत मी तिथंच बसून होते. पुस्तकातलं कारण खरं होतं. त्यांच्या कारणापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. यावर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढं महिनाभर ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलले, आणि मीही हट्टानं पायाचं नाव काढलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी मी गावीच होते. त्या दिवशी आसपासची खेडी लोटतात. दादा पहाटेपासून गाभाऱ्यात उभे, लोक तांब्या पुढं करायचे, ते पाणी पिंडीवर घालायचे, बेल वाहायचे, पुढचा तांब्या. बायकांनी उंबऱ्याबाहेरूनच दर्शन घ्यायचा रिवाज. मी देवळाच्या बाजूला बायकांची रांग लावत होते. तिथं भिंतीतून दगडी गोमुख बाहेर आलेलं आहे. पिंडीवरचं पाणी गाभाऱ्याच्या फरशीवरून वाहत त्यातून पडतं आणि बायका ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. ऊन चांगलं वर आलं होतं. एका म्हातारीनं ओंजळ पुढं केली आणि ती किंचाळलीच. गोमुखातून लाल पाणी पडत होतं.

“पिंडीतून रक्त यायलंय! पिंडीतून रक्त यायलंय!”

रांग मोडली. कुणी हात जोडले, कुणी कपाळ जमिनीला टेकवलं, कुणी लेकरं उचलून मागं सरकलं. नुकतेच कॅमेऱ्याचे मोबाइल आलेले, एकानं तो उंच धरला. मला मात्र त्याच क्षणी कळलं होतं. माणसांना ढकलत मी मंडपात घुसले. आत दादा पिंडीला हात टेकून उभे होते, चेहरा पांढरा, आणि घोट्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडत होती. तुंबलेली शीर फुटली होती. समोरची माणसं नुसती बघत होती.

मी उंबरा ओलांडला. कुणीतरी मागून “ए पोरी!” म्हणून ओरडलं. मी दादांना म्हणाले, “आडवं पडा. आत्ताच्या आत्ता.”

“हितं?”

“हितंच.”

गाभारा एवढासा. पाय वर ठेवायला एकच उंच जागा होती, उंबरा. मी त्यांचं डोकं पिंडीच्या बाजूला केलं आणि पाय उचलला. दादांनी माझं मनगट धरलं. “उंबऱ्यावर पाय नको, शालू. नको गं माय.” त्यांच्या आवाजात मरणाची भीती नव्हती, ती निराळीच होती. मी पाय उंबऱ्यावर ठेवला, त्यांच्याच उपरण्याची घडी जखमेवर दाबली आणि दोन्ही तळहातांनी अंगातलं सगळं बळ लावून धरून बसले. उभ्या माणसाच्या पायातून वाहणारी शीर पाय वर केला आणि दाबला की थांबते. ते मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. मी देवाकडं पाहिलं नाही, दादांकडंही नाही, घडीकडं बघत राहिले. लाल डाग मोठा होत गेला आणि मग मोठा व्हायचा थांबला. गर्दीतून माय आली. तिनं काही विचारलं नाही, दादांचं डोकं मांडीवर घेतलं.

जीव वाचला, झाकलेलं उघडं पडलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गुरवाचा पाय सडलेला होता आणि तो त्याच पायानं आत जायचा. त्याच तोंडांनी दुपारी पिंडीतून आलेल्या रक्ताला हात जोडले होते. देऊळ धुतलं. पारावर चार माणसं बसली आणि ठरलं की जखम भरेपर्यंत पूजा दादांचा चुलतभाऊ, आमचे काका, करतील. काका भला माणूस. तो दादांच्या पायाशी बसून रडला आणि दुसऱ्या दिवसापासून घंटा त्याच्या हातून वाजायला लागली. दादांना तो आवाज सहन व्हायचा नाही. ते भिंतीकडं तोंड करून पडायचे.

पण पडायचे. हेच मला पाहिजे होतं आणि ते असं मिळालं. घडी घातलेल्या दोन वाकळांवर पाय, बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी, उकळलेल्या पाण्यानं धुणं, जखमेवर न चिकटणारी जाळी, मधूनमधून अंगणात चालणं. काही दिवस कॉलेज बुडवून मी केलं, मग मायनं. रक्त पाहिल्यापासून मायनं वरण पुन्हा शिजवायला घेतलं होतं, तेही न सांगता. जखमेच्या कडेनं गुलाबी रेघ दिसायला लागली, ती आत आत सरकत गेली, आणि दिवाळी सरता सरता खड्डा बुजला. मी लहानपणापासून पाहिलेली जखम एका पावसाळ्यात भरली. दादा त्या जागेवरून अंगठा फिरवत बसायचे. सुतकाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मला वाटलं, जिंकले.

पूजा परत मिळाली त्या सकाळी पट्टी अंगणातल्या दोरीवर होती.

“दादा, पट्टी?”

“कशाला? भरली की जखम.”

“जखम भरली. झडपा न्हाई भरल्या. ही जन्मभर बांधायची, म्हणून शंभरदा सांगितलं.”

“ओली पट्टी घेऊन आत कसं जाऊ? आन्‌ काही नसताना बांधली तर लोक म्हणतील, आजून हाय वाटतं.”

यावर माझ्याकडं उत्तर होतं. ओली झाली तर बदला, एका वेळेला तरी काकांना उभं करा, मधे बसा, घरी आल्यावर तरी बांधा. मी ते सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं, न जेवता सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडाला घोटा पुन्हा पाझरायला लागला. बरं न होणाऱ्या जखमेपेक्षा बरी होऊन पुन्हा उघडणारी जखम माणसाला जास्त थकवते. रोग्याला आणि शिकवणाऱ्यालाही. आता माझ्याही पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या आहेत, दिवसभर वॉर्डात उभं राहून. मी ताणाचे मोजे घालते. मायला त्याचं हसू येतं, दादा मात्र त्या मोज्यांकडं बघून मान फिरवतात.

जखम पुन्हा उघडली त्याच उन्हाळ्यात ऊसतोडीहून माणसं परतली. तांड्यावरची एक बाई दादांकडं आली. नडगीला कोयता लागलेला, तोडीच्या गडबडीत तसाच राहून चिघळलेला, वर तंबाखूची राख भरलेली. मी आत पिठाचं जातं पुसत होते. बाहेर दादांचं पुटपुटणं ऐकू आलं, पुडी बांधल्याचा आवाज आला, आणि मी हातातलं फडकं खाली टाकलं. मग दादा म्हणाले, “हे कपाळाला लाव. जखमंत घालू नको.”

“मग जखमंला काय घालू, बाबा?”

“काही घालायचं न्हाई. ती राख धू आधी. पाणी उकळून गार कर, चिंधी वढायची न्हाई, भिजवून काढायची. डाळ खाती का? खा. डाळीनं पू व्हत न्हाई, ते खोटं हाय. जिंतूरच्या दवाखान्यात जाऊन साखर बघून घे. पायाला सूज हाय तुझ्या, रात्री पाय वर ठेवून झोप.” मग, माझ्याच मॅडमच्या सुरात, “पायात झडपा असत्यात, बाई. त्या सैल झाल्या की रगत तुंबतं.”

मी दारात येऊन उभी राहिले. बाई मन लावून ऐकत होती. तीच वाक्यं, तोच क्रम. दादा एक शब्दही विसरले नव्हते. ओसरीखाली सोडलेला त्यांचा डावा पाय उघडा होता, सुजलेला, आणि चिंधी ओली झाली होती. हसावं की पुडी हिसकावून त्यांच्याच डोक्यात घालावी, मला कळेना. मी आत जाऊन जातं पुसत बसले.

आमच्या बाजूची माणसं आता माझ्याकडं येतात तेव्हा त्यांच्या जखमा धुतलेल्या असतात. कुणी सांगितलं म्हणून विचारलं की म्हणतात, गुरवबाबानं. दादा थकलेत, पूजा बहुतेक काकांचा मुलगा करतो, पण सोमवारी हे उठून उभे राहतातच. परवा मी फोन केला.

“दादा, पट्टी बांधली का?”

“बांधली की.”

मागून मायचा आवाज आला, “खोटं बोलायलेत! दोरीवर वाळायली ती.”

मग दादा घसा खाकरून म्हणाले, “तुझी पट्टी लय गुणाची हाय, शालू. येईल त्याला मी सांगतो.”